खालची खाच

औषधाच्या बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवली की कंपाउंडर तिच्या सगळ्यात खालच्या खाचेवर अंगठा ठेवायचे आणि म्हणायचे, "हितपत्तूर प्यायचं. बरं वाटलं म्हणून मदीच मोडायचं न्हाई." एकेक खाच म्हणजे एकेक डोस, अक्षरओळख नसलेल्यालाही ते कळायचं. समोरच्याने मान डोलावेपर्यंत बाटली त्यांच्या हातून सुटत नसे.

एकच वाक्य जन्मभर पुरवून वापरणारी अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

सत्तर सालाच्या आगेमागे मी हिर्डोशीच्या अलीकडच्या एका गावात मास्तर होतो. शाळेला लागूनच दवाखाना. डॉक्टर आठवड्यातून दोनदा भोरहून एसटीने येत. एरवी दवाखाना म्हणजे कंपाउंडरच. एकदा मी खोकल्याचं औषध अर्ध्यावर सोडलं, तर ते भर वर्गात शिरले आणि बाटली दाखवा म्हणाले. पोरं महिनाभर हसत होती.

त्यांची थोरली बहीण, आक्का, नवरा गेल्यापासून त्यांच्याकडेच असायची. तिला क्षय झाला होता. रोज एक सुई, तीही तेच टोचायचे. तिच्या औषधाच्या कुप्या वेगळ्या पत्र्याच्या डब्यात असत. चार महिन्यांत आक्काच्या अंगावर जरा मांस चढलं. ती पाण्याला जाऊन पहिली घागर घेऊन आली, त्या दिवशी कंपाउंडरांनी शाळेत गूळ वाटला.

मग तापाची साथ आली. घरटी दोन-तीन माणसं अंथरुणावर. शाळा बंद, डॉक्टर स्वतः भोरला आजारी. सुईवाचून ताप उतरतो यावर आमच्याकडे कुणाचाच विश्वास नव्हता; शिकलेला म्हणवणाऱ्या माझाही नव्हता. दवाखान्यातलं सुईचं औषध संपलं, तरी माणसं पायरीवर बसून राहिली.

"त्या डब्यात हाये की," कुणीतरी म्हणालं.

"त्ये आक्काचं हाये. क्षयाचं."

"सुई ती सुईच की, दादा."

कंपाउंडर हलेनात. तेव्हा लोकांनी मला पुढे केलं, कारण माझा शब्द ते खाली पडू देत नसत. माझंही अंग फणफणलं होतं. मी म्हणालो, "आक्का आता हिंडतीफिरती आहे. पंधरा दिवस सुई चुकली तर काय बिघडतं?"

आक्का आतून ऐकत होती. तीच डबा घेऊन बाहेर आली.

"दे त्यास्नी," ती भावाला म्हणाली. "म्या बरी हाये."

पहिली सुई माझ्या दंडात गेली. चौथ्या दिवशी ताप उतरला. बाकीच्यांचाही उतरला. लोकांनी कंपाउंडरांना नारळ आणून दिले.

आक्काचं औषध पुन्हा यायला दीड महिना गेला. तोवर तिचा खोकला परतला होता. सुया पुन्हा रोज सुरू झाल्या, पण गुण येईना. डॉक्टरांनी तिची थुंकी पुण्याला तपासायला पाठवली. उत्तर आलं तेव्हा मी तिथेच होतो.

"सुयांचा क्रम मध्येच मोडला ना," डॉक्टर म्हणाले. "जंतू निर्ढावले. आता या सुईला ते जुमानत नाहीत."

मी साथीच्या तापाचं विचारलं.

"त्या तापाला ही सुई लागूच पडत नाही, गुरुजी. तुम्ही नुसते पडून राहिला असतात तरी तो उतरला असता."

कंपाउंडरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं, चार शब्द सुनावले असते, तर बरं झालं असतं.

नाचणी काढणीला आली तेव्हा आक्का गेली. गावाने मला बोल लावला नाही, कारण डॉक्टर काय म्हणाले ते गावाला कधी कळलंच नाही. मीही सांगितलं नाही, याची आजही लाज वाटते.

कंपाउंडर पट्ट्या कापत राहिले, खाचा पाडत राहिले. फक्त ते वाक्य बंद झालं. एकदा मी खोकल्याचं निमित्त करून गेलो. त्यांनी बाटली भरली, पट्टी लावली, समोर ठेवली. मी उठेना.

"कुठपर्यंत प्यायचं, कंपाउंडर?"

त्यांनी अंगठा खालच्या खाचेवर ठेवला. बराच वेळ तो तिथेच होता.

"तुमाला ठावं हाये, गुरुजी," ते म्हणाले आणि आत गेले.

पुढच्या वर्षी त्यांची बदली वेल्ह्याकडे झाली. ते वारल्याचं तिकडूनच कळलं, तेही उशिरा.

ती बाटली आणली त्या दिवशी मला खोकला नव्हता. तरी ते औषध मी खालच्या खाचेपर्यंत प्यायलो.