मिंडाने लाकूड अडवलं

मिसिसिपीच्या काठी मिंडा जन्मली ती गुलाम म्हणून. तिशीला आली तेव्हा सुटका झाली, म्हणे. शेत तेच, मालक तोच, मुकादम क्रॅडकही तोच. फक्त चाबकाच्या जागी त्याच्या हाती बंदूक आली. तिची दोन लेकरं तापात गेली, शेताच्या बांधाला पुरली. पुढच्या साली मालकाने तिथवर नांगर घातला, कापूस पेरला आणि तो मिंडाकडूनच वेचून घेतला. त्या दिवशीच तिने ठरवलं, इथे मरायचं नाही.

दूर उत्तरेला, कॅन्सासात, काळ्या माणसालाही जमीन मिळते, असं कानावर आलं तशी सारी वस्ती बोचकी उचलून धक्क्यावर आली. पांढरं फडकं हलवलं की बोट काठाला लागते, ही इथली रीत. पण मळेवाल्यांनी बोटवाल्यांना दम भरला होता. बोटी येत, फडकं हलवणारे हात काळे दिसले की तशाच पुढे जात. नालायक कुठले!

क्रॅडक रोज घोड्यावरून यायचा. "काय मिंडे, पोट भरलं का हवा खाऊन? चल, पेरणी खोळंबलीय. उद्या मी एकटा येणार नाही, सांगून ठेवतो."

तो गेला आणि मिंडाने फडकं फेकून दिलं. तिचा नवरा टोबायस दलदलीतलं लाकूड तोडून नदीच्या वळणावर रचायचा, बोटींच्या भट्टीसाठी विकायचा.

"आपण नको असू त्यांना," ती त्याला म्हणाली, "पण सरपण तर लागतंच ना? उठवा सगळ्यांना."

सकाळी बोट वळणावर लागली, तर लाकडाच्या ढिगावर सारी वस्ती ठाण मांडून बसलेली.

"उतरा खाली, हरामखोरांनो!" कप्तान खेकसला.

"आधी आम्ही बोटीत, मग लाकूड," मिंडा ढिगावरूनच म्हणाली. " भाडं देतो, फुकट नाही. नाहीतर जा की वल्ही मारत!"

भट्टी विझत आली होती. कप्तानाने शिव्यांची लाखोली वाहिली आणि त्यांना खेचरांच्या शेजारी कोंबलं.

बोट काठापासून सुटली तेव्हा क्रॅडक माणसं घेऊन पोचला. "बर्फात मरशील तिकडे, मिंडे! कुत्रं विचारणार नाही!"

मिंडा कठड्याला आली आणि घसा फाडून ओरडली, "मरेन की! पण माझ्यावर तुझा मालक कापूस नाही पेरणार!"