बगू की

ऑनलाइन गटापुढे एखादी कल्पना टाकली तर लोक काय म्हणतील, हे आधीच ओळखायला मशीनला शिकवायचं, हे माझं काम. उमापूरला माहेरी आले तरी लॅपटॉप सुटत नाही. आईच्या मते ही नसती उठाठेव. "लोकांच्या मनातलं वळखायला मशीन कावून लागतं?"

संक्रांतीच्या आधी वहिनीने विचारलं, "ताई, मी हळदीकुंकू ठिवलं तर बायका येतील का? मशीनला इचारा की." भाऊ गेल्यापासून तिला कुणी हळदीकुंकवाला बोलावत नव्हतं. आता तीच बोलावणार होती.

तिने गावातल्या बायकांच्या गटावर निमंत्रण टाकलं. उत्तरं आली: "बगू की वैनी." "बगू." मी ती मशीनला वाचायला दिली. मशीन म्हणालं, गट अनुकूल आहे. शहरी गप्पांवर पोसलेलं ते. त्याच्या लेखी 'बघू' म्हणजे विचार चालू आहे. आमच्याकडे 'बगू' म्हणजे न्हाई, फक्त तोंडावर म्हणायचं नसतं. मी चिडून त्या शब्दापुढे 'नकार' लिहिलं आणि पुन्हा विचारलं. अंदाज पार उलटला.

वहिनीला सांगितलं तर म्हणाली, "ठाव हाय मला. तरी सतरंजी टाकते."

मी आईकडे गेले. सासूच बसली तर बाकीच्यांना नाही म्हणायला तोंड राहणार नाही. "तू तरी बसशील ना?" तीळ भाजता भाजता ती म्हणाली, "बगू."

हळदीकुंकवाच्या दिवशी दुपार कलली तरी सतरंजी रिकामी. मी दारात, घरात, पुन्हा दारात. फोन उघडायचा, मिटायचा. नटलेल्या बायका गल्लीतून दुसरीकडे जात होत्या. आमचं दार आलं की पदर सावरून चाल वाढवायच्या. इतका संताप झाला की मशीन बरोबर ठरल्याचाही राग आला.

तेवढ्यात आई ठेवणीतलं लुगडं नेसून आली आणि सतरंजीवर बसली. तिचं कपाळ कोरडं होतं. कुंकू धुऊन आली होती. वहिनीचा हात करंड्यावरच थांबला.

"बगतीस काय?" आई म्हणाली. "आज तुज्याच हातचं लावणार हाय. लवकर लाव बाई, तुजा सासरा अजून जिता हाय."