बाहेरची कडी

जरा हातात ड्रिल घ्या. समोर एका खोलीचं दार आहे, बाहेरच्या बाजूला उघडणारं. मालक म्हणतो, कडी बाहेरून लावायची. आत खाटेवर एक बाई बसली आहे आणि तुमच्या हाताकडे बघते आहे. काम तसं चुटकीसरशी होण्यासारखं. कराल?

चावीवालीने केलं. आणि तरीही त्या गल्लीत तिच्याबद्दल कोणी वावगं बोललेलं खपवून घेतलं जात नाही.

तिचा बाप कुलपं दुरुस्त करायचा. लेक तिखट कानाची, म्हणून त्याने तिला लहानपणीच हाताशी घेतलं. कुलपातल्या पिना उचलल्या की बारीक टिक होतं, ते तिला पाढ्यांआधी कळायला लागलं. लग्न झाल्यावर नवऱ्याने एकदाच विचारलं, "बाईमाणूस कुलपं उघडतंय म्हटल्यावर लोक काय म्हणतील?"

"किल्ली हरवली म्हणतील," ती म्हणाली. विषय तिथंच संपला.

दुकान गल्लीच्या तोंडाशी. पाटीवर हातभर लांब पिवळी किल्ली रंगवलेली, हत्यारांच्या पेटीवरही तीच. गल्लीच्या आतल्या अंगाला धंदा चालणारी घरं. त्या वर्षी सरकार या धंद्याला कायद्याने परवानगी द्यायच्या विचारात होतं, आणि त्याचा निम्मा वाद चावीवालीच्या दुकानातच झडायचा. एका स्टुलावर तिची नणंद. ती विकल्या गेलेल्या बायकांच्या आश्रयघरात काम करायची. दुसऱ्या स्टुलावर लांबडी. उंची दारात न मावणारी, स्वतःच्या भाड्याच्या खोलीत स्वतःच्या मर्जीने धंदा करणारी.

"दुकान उघडलं की माल लागतो," नणंद म्हणायची. "पुरेशा बाया आपणहून येत नाहीत. मग पळवून आणतात."

"मला माल म्हणू नका, वन्सं." लांबडी तिला मुद्दाम चावीवालीसारखंच वन्सं म्हणायची. "आम्हाला चोरासारखं ठेवलंत, म्हणून आमच्यात चोर घुसतात. उद्या मी चौकीवर जाऊन सांगितलं, अमक्या घरात पोरगी कोंडलीय, तर आधी मलाच आत बसवतील."

"आणि परवाना दिल्यावर कोंडणारा काय पाटी लावून कोंडेल?"

"तुम्ही दोघी जरा उजेड सोडा," चावीवाली म्हणायची. तिला दोघींचंही पटायचं, आणि याचाच तिला त्रास व्हायचा.

तिचा स्वतःचा नियम एकच होता: माणूस झोपतं त्या खोलीला बाहेरून कडी नाही. पूर्वी एका मालकाला तिने तोंडावर नकार दिला होता. त्याने दुसरा कारागीर आणला आणि दाराला आरपार बोल्ट मारून घेतले. हिचे हात स्वच्छ राहिले, दार मात्र पक्कं बंद झालं. ते तिच्या मनाला लागून राहिलं.

म्हणून गल्लीतल्या एका नव्या घराच्या मालकाने बोलावलं तेव्हा ती पेटी उचलून गेली. शेजारशेजारच्या दोन खोल्या. एकीत विशीतली धाकटी, दुसरीत चाळिशीला आलेली थोरली. दोघींना इथली भाषा येत नव्हती. "चोऱ्या फार होतात," मालक म्हणाला आणि पॅसेजमध्ये फोनवर बोलत उभा राहिला.

चावीवालीने चौकटीत भोकं पाडली, स्क्रूपेक्षा जाड. त्यात लाकडाचा भुसा आणि मेण दाबलं, वर आखूड स्क्रू. बघणाऱ्याला कोयंडा भिंतीसारखा घट्ट दिसावा. आतून खांद्याचा एक धक्का बसला की सगळं मेणासकट बाहेर.

पण हे आतल्या बाईला कळणार कसं? तिने धाकटीला खुणेने दार आतून रेटायला सांगितलं, जणू माप घ्यायचं आहे. पोरीने रेटलं. कोयंडा उखडून खाली पडला.

मालक वळला. "हे काय?"

"लाकूड पोचट आहे, साहेब. भरून घेते."

थोरलीच्या खोलीलाही तेच केलं. या वेळी कोयंडा मात्र पडता पडता हातावर झेलला. दोन्ही पुन्हा तसेच कच्चे बसवले. मालकाने कडी ओढून बघायला हात पुढे केला, तशी ती पेटीसकट दारालाच टेकून उभी राहिली. "उद्या सकाळपर्यंत कडी नुसती हलकेच लावा, ओढू नका. भरलेलं ओलं आहे, सगळं निघेल, मग मला बोल लावाल."

तो पुटपुटत मागे सरला. आता जे व्हायचं ते सकाळच्या आत. तो उद्या ओढून बघेल तेव्हा तिचं बिंग फुटणार, आणि त्या दोघींच्या दारांना बोल्ट बसणार.

सकाळी ती शटर वर करत होती तेव्हा धाकटी पाटीवरच्या किल्लीखाली उभी होती. पायात दोन नंबर मोठ्या चपला.

नणंद धावत आली, पोरीला आश्रयघरात घेऊन गेली. तिची भाषा जाणणारी एक बाई शोधली, तेव्हा सगळं कळलं. शिवणकामाच्या नोकरीचं सांगून आणलं होतं, कागदपत्रं मालकाकडे. पहाटे तिने आपलं दार ढकललं, मग थोरलीचं ठोठावलं. थोरलीनेही ढकललं. दार सताड उघडलं. ती उंबऱ्यापर्यंत आली, पायातल्या चपला काढून पोरीला दिल्या, आत गेली आणि दार ओढून घेतलं.

पोलिस पोचेपर्यंत घर रिकामं झालं होतं.

"बघितलंस?" लांबडी चावीवालीला म्हणाली. "राहिली ती. तिच्या मागे कोणी खाणारी तोंडं असतील. तिने ठरवलं."

"ठरवलं कसलं," नणंद म्हणाली. "घरच्यांचा पत्ता त्याच्याकडे असेल. भीतीला काय कडी लागते?"

"तुम्ही विचारलंत तिला?"

"तू विचारलंस?"

या वेळी चावीवालीने दोघींना उजेड सोडायला सांगितलं नाही. परवान्याचा कायदा अजून लटकलेला आहे. दोघी अजून तिच्या दुकानात भांडतात. गल्लीत अनोळखी बाई दिसली की चावीवालीची कानस थांबते. थोरली भेटली तर तिला एवढंच विचारायचं आहे: बाई, दार तर मी उघडं ठेवलं होतं, मग तू राहिलीस की तुला राहावं लागलं?