तेल बंद, तूप बंद, नारळ बंद!

आमच्या जुन्या कबड्डी टीमचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. एरवी त्यावर नुसते गुड मॉर्निंग पडत असतात. पण कोणी मैदानाचा एखादा फोटो टाकला की संपलं! 'आठवतं का गो?' म्हणत एक किस्सा निघतो, त्याला धरून दुसरा, आणि गॅसवरचं दूध उतू जातं. यातले बहुतेक किस्से खाण्याचे आहेत. खरं तर न खाण्याचे. आता हसतो, तेव्हा हसू येत नव्हतं.

*

कुमारी गटात वजनाची मर्यादा असते. रत्नागिरीतल्याच एका स्पर्धेत आमची एक चांगली खेळाडू वजनात बसली नाही आणि आम्ही पहिल्याच फेरीत गारद झालो. आमचे कोच सर रागीट, पण आमच्यासाठी जीव टाकणारे. दुसऱ्या दिवशी आम्हाला रांगेत उभं करून म्हणाले, "आजपासून तेल बंद. तूप बंद. नारळ बंद. दाण्याचं कूटसुद्धा नको!"

रत्नागिरीत नारळ बंद! वैदेहीने, आमच्या सगळ्यात भारी रेडरने, धीर केला. "सर, मग कालवणात घालायचं काय?"

"पाणी!"

*

सर खरोखर डबे तपासायचे. चपातीवर कागद दाबायचा, तेलकट डाग उमटला की मैदानाला फेऱ्या.

एकदा वैदेहीच्या डब्यात भाजलेला बांगडा निघाला. कागद पार तेलकट झाला. सरांनी तो तिच्या तोंडासमोर धरला. "हे काय?"

"सर, आईने थेंबभरही तेल नाही घातलं. हे बांगड्याचंच आहे."

सरांनी डब्याचं झाकण लावलं.

"मग बांगडा बंद!"

*

पावसाळा संपेपर्यंत आम्ही सगळ्या बारीक झालो. सर खूश! पण कंगव्यात केस यायचे, ओठ फुटायचे, आणि जरा काही झालं की आम्ही एकमेकींच्या अंगावर जायचो.

एका संध्याकाळी वैदेही रेड टाकायला आली. 'कबड्डी, कबड्डी' चालू होतं आणि मध्येच आवाज बंद पडला. ती नुसती उभी. मी पकडायला गेले तर माझ्या अंगावरच कोसळली. हात गार पडलेले.

"नाटकं नकोत! ऊठ!" सर ओरडले.

ती उठली. तोंडावर पाणी मारून परत रेडला गेली.

*

त्यानंतरची गोष्ट. कपडे बदलायच्या खोलीत एका नव्या मुलीने विचारलं, "कोणाकडे पॅड आहे का गो?"

सगळ्यांनी बॅगा उघडल्या. एकीच्याही बॅगेत नव्हतं! आम्ही एकमेकींकडे बघायला लागलो.

वैदेही हळूच म्हणाली, "मला लागलंच नाही. गणपतीच्या आधीपासून."

"मला पण."

"मला पण."

प्रत्येकीला वाटत होतं, आपल्यालाच काहीतरी मोठा आजार झालाय.

*

वैदेहीने घरी सांगितलं. तिची आई, नंदाकाकू, तिला डॉक्टरबाईंकडे घेऊन गेली. सोबत मी होते. बाईंनी विचारलं, "काय खातेस?" वैदेहीने काय काय सोडलंय ते अभिमानाने सांगितलं.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "अगं, नुसत्या घरी बसणाऱ्या माणसालासुद्धा दिवसाला साधारण चार-पाच चमचे तेल-तूप लागतं. नारळ, दाणे, मासे यांतून मिळतं ते वेगळं. तू तर खेळतेस, तुला जास्तच लागणार. पोटभर जेवण नाही, स्निग्ध काही नाही, मग पाळी येणार कशी? शरीर एकेक दिवा मालवत चाललंय तुझं!"

"मग किती पण तेल खाऊ?"

"मोजून खा. पण खा!"

नंदाकाकू तिथून थेट मैदानावर. सरांसमोर उभी राहून म्हणाली, "सर, पोरगी माझी आहे. मॅच तुमची असेल."

सर "बघू" एवढंच म्हणाले. पण डबे तपासणं बंद झालं. पुढच्या काही महिन्यांत एकेकीची पाळी परत सुरू झाली. वजनंही वाढली.

*

आणि मग दापोलीची स्पर्धा. वैदेही वजनकाट्यावर चढली आणि काटा मर्यादेच्या किंचित पुढे गेला. तिच्याशिवाय आमच्याकडे रेडरच नव्हती.

पंच म्हणाले, "तासाभरात उतरवता आलं तर या."

वैदेहीने कोणाला न विचारता घाम काढायला दोन ट्रॅकसूट अंगात चढवले आणि भर उन्हात धावायला लागली. पाणीसुद्धा घेईना. नंदाकाकू मैदानाच्या कडेला डबा धरून उभी. सर हाताची घडी घालून बघत होते. आमच्यातली एकही हलली नाही.

तिसऱ्या फेरीला वैदेहीचा पाय लटपटला. सर धावत गेले. तिचा दंड धरला, काहीतरी बोलले. आम्हाला ऐकू आलं नाही. ती मान हलवून 'नाही, नाही' म्हणत होती. सरांनी स्वतःच्या हाताने तिच्या जॅकेटची चेन खाली ओढली आणि तिला आंब्याच्या सावलीत काकूजवळ बसवलं.

तेवढ्यात पंच यादी घेऊन बाहेर आले. "सर, तुमची रेडर कुठाय? वेळ संपत आली! वजनाला पाठवा!"

सरांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

"थांबा. ती जेवतेय."