पुढून काही दिसत नाही

तिला सगळे लवंगी म्हणत. चण एवढीशी, पण फुटली की सगळा रंगपट कान झाकून घ्यायचा. एकतीस वर्षं तिनं एकाच नाटकगृहाचा कपडेपट सांभाळला. कपडेपट म्हणजे रंगमंचामागची लांबट, बिनखिडकीची खोली, इस्त्रीच्या वाफेनं बाराही महिने दमट. तिथं राजे बनियनवर उभे असतात आणि एक बाई त्यांना राजे करते. हे ज्यांना ठाऊक नाही त्यांनी नाटकावर भाषणं ठोकू नयेत; पण ठोकणारे नेमके तेच असतात.

यंदा नवा मॅनेजर आला. पहिल्याच आठवड्यात त्यानं तिचं कपाट उघडून एक कोट उलटा केला, आतलं अस्तर पाहिलं आणि हसला.

"बाई, हे हातानं टाके? आतल्या बाजूला? कशासाठी हो?"

"अंगाला टोचू नये म्हणून."

"पुढून काही दिसत नाही. मी रोज पुढे बसतो, मला विचारा."

मग त्यानं खिशातून कागद काढला. जाड, पांढराशुभ्र, छापील. 'मी स्वखुशीने काम सोडत आहे.' कपडेपट ठेकेदाराला जाणार होता, कपडे तयार येणार होते. सहीला महिनाभर मुदत.

एरवी लवंगीनं त्याला तिथल्या तिथं उभा उसवला असता. पण तिनं कागद ठेवून घेतला, कारण तो वर्मावर बोट ठेवून गेला होता. ती पुढे कधी बसलीच नव्हती. प्रयोग सुरू झाला की ती विंगेत, दंडाला सुया टोचलेल्या, डोळे नटांच्या पाठीवर. गावात नाटकगृह एकच, आणि त्याच्या प्रत्येक प्रयोगाला ती मागे हवीच. तिला हजारो पाठी तोंडपाठ होत्या. तोंडं पुढच्यांसाठी होती.

"खरंच दिसत नसेल तर?" रात्रीचं ताट वाढताना ती नवऱ्याला म्हणाली. "तर मी करून टाकते सही. उगाच कुणाच्या माथी बसायचं नाही."

नवरा बसचा ड्रायव्हर. नुकताच निवृत्त झालेला. बोलणं कमी, हॉर्नही जपून वाजवणारा. तो म्हणाला, "मग बघून ये."

मुलीनं त्यांच्यासाठी परदेशातल्या एका अवाढव्य शहराची पाच दिवसांची सहल ठरवली होती. सहलीत राजवाडा, पूल, मनोरा, संग्रहालय आणि एका दुपारी मोठ्या नाटकगृहातलं नाटक. मुलीला वाटत होतं आईला ऐतिहासिक इमारती आवडतील. आईनं कार्यक्रमपत्रिकेतली एकच ओळ धरून ठेवली. सहीचा कागदही तिनं सोबत घेतला. ड्रायव्हरनं बॅग भरताना तो पाहिला आणि वर स्वेटर ठेवला.

त्या शहरात पहिले तीन दिवस दोघांनी आपापलं शहर पाहिलं. गाईड काठीला लाल रुमाल बांधून पुढे, मागे पंचवीस माणसं. गाईड पुलाची लांबी सांगे तेव्हा ड्रायव्हर पुलावरून जाणाऱ्या बसकडे बघत असे. दुमजली बसमध्ये बाकीचे धावत वर जात. हा खाली, चालकाच्या मागच्या सीटवर. वळण आलं की याचा उजवा पाय जमिनीवर दाबला जाई.

"अहो, बस तो चालवतोय," लवंगी म्हणाली.

"चालवतोय बरा. पण थांब्याचा विचार फार उशिरा करतो."

संग्रहालयात एका राजाचा अंगरखा काचेत ठेवला होता. जरीचं काम बघून सगळे 'अहाहा' करत पुढे गेले. लवंगी काचेला नाक लावून काखेत डोकावत राहिली. रखवालदार बाई दोनदा खाकरली. तिसऱ्यांदा तिनं येऊन लवंगीचा दंडच धरला.

"ठिगळ आहे," लवंगी तिला आपल्याच भाषेत म्हणाली. "काखेत. राजाचा असला तरी घाम घामच ना बाई."

रखवालदार बाईला काय कळलं देव जाणे, पण लवंगी हलल्यावर तिनंही वाकून काखेत पाहिलं.

चौथ्या दिवशी दुपारी नाटक. त्यांच्या जागा तिसऱ्या मजल्यावर, माळ्यावर कबुतरं बसतात तशा. भाषा ओ की ठो कळत नव्हती, आणि लवंगीच्या दृष्टीनं ते बरंच होतं. तिला ऐकायचं नव्हतंच. पडदा वर गेला. सरदार आले, दासी आल्या, हिरव्या पायघोळ झग्यात नायिका आली. लवंगी पुढे वाकली आणि वाकलेलीच राहिली.

काजं दिसेनात. बटणं दिसेनात. बाहीची चुणी हातानं घातलीय की मशीनवर, काही पत्ता लागेना. नुसते रंग हलत होते. अर्धा तास गेला आणि ती मागे टेकली.

"खरं बोलला तो मेला," ती कुजबुजली.

"कोण?"

"मॅनेजर. काही दिसत नाही हो. एकतीस वर्षं मी आंधळ्यांपुढे रांगोळी काढली."

ड्रायव्हरनं तिच्याकडे पाहिलं. तिचे डोळे पाण्यानं भरलेले त्यानं दोनदाच पाहिले होते, आणि ही दुसरी वेळ होती. त्यानं तिच्या मांडीवरची पर्स उगाच आपल्या मांडीवर घेतली.

तेवढ्यात समोर नायिका संतापली. तिनं उजवा हात झटक्यानं वर करून सरदाराला दार दाखवलं, आणि पाठीवरची चेन मानेपासून कमरेपर्यंत फाटत गेली. तिसऱ्या मजल्यापर्यंत आवाज आला नाही, पण पांढरी पाठ आली. हजारभर माणसांनी एकदम श्वास घेतला. पुढच्या रांगेतल्या बाईनं दुर्बीण डोळ्यांना लावली. सरदार काय बोलत होता ते त्याच्या भाषेच्या माणसांनाही आता कळत नव्हतं. सगळं नाटक त्या एका फटीत जाऊन पडलं होतं. नायिका भिंतीला पाठ लावून उरलेला अंक बोलली. पोरगी पक्की होती, आवाज हलू दिला नाही. पडदा पडला.

लोक खाण्यापिण्याला गेले. लवंगी जागेवरच.

"बघितलं का?" ती म्हणाली.

"मी काय, अख्ख्या गावानं बघितलं." ड्रायव्हर थोडा थांबला. "माझ्या मागे रोज साठ माणसं बसायची. ब्रेक कधी कुणी बघितला नाही."

"गप्प बसा हो. मला हिशोब करू द्या." तिची बोटं चालू झाली. "मध्यंतर पंधरा मिनिटं. चेन बदलायची तर उसवण्यातच अर्धा तास. पिना लावल्या तर उजेडात चमकतील. दुसरा झगा असेल तर रंग बदलेल. आत कोण आहे त्याच्यावर आहे सगळं."

आता ती पुढे बसली नव्हती. ती आत होती, कोण जाणे कोणाच्या कपडेपटात, त्या कुणा बाईच्या खांद्यावरून बघत.

पडदा पुन्हा वर गेला. नायिका आली, तोच हिरवा झगा. थेट रंगमंचाच्या मधोमध येऊन तिनं प्रेक्षकांकडे पाठ केली. मुद्दाम. पाठ सपाट, एक सुरकुती नाही, वरपासून खालपर्यंत जणू झगा तिच्या अंगावरच उगवला होता.

लवंगी उभी राहिली आणि टाळ्या वाजवू लागली.

सगळं नाटकगृह शांत. समोर नायिका बहुधा बापाच्या मरणाची बातमी ऐकत होती. वरून एकट्या बाईच्या टाळ्या, खणखणीत. माणसं वळून बघू लागली. दुर्बिणीवाली बाईसुद्धा वळली, दुर्बिणीसकट.

"अगं, संपलं नाही अजून! कुणीतरी मेलंय तिथं!"

"मरू दे. तो टाका बघा! अंगावर शिवलाय, अंगावर! पंधरा मिनिटांत!"

बॅटरी घेऊन एक माणूस जिन्यावरून आला आणि त्यानं ओठांवर बोट ठेवलं. ड्रायव्हरनं त्याच्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा सिग्नल तोडला. त्यानंही टाळ्या वाजवल्या. चार-पाचच, पण जोरात. मग तिचा पदर ओढून तिला खाली बसवलं.

बाहेर आले तेव्हा अजून उजेड होता. गाईडचा लाल रुमाल चौकात फडकत होता, पण लवंगी उलट्या दिशेनं इमारतीला वळसा घालून मागच्या गल्लीत शिरली. मागचं दार शोधायला तिला पाटी लागत नाही. जगात कुठंही जा, नाटकगृहाचं तोंड संगमरवरी आणि पाठ कचऱ्याच्या डब्यांची.

"कुणाला शोधतेस? नायिकेला?"

"तिचं काय लोणचं घालायचंय?"

नट आले आणि गेले. सगळ्यांत शेवटी एक जाडजूड, पिकल्या केसांची बाई पिशवी सावरत बाहेर आली. गळ्यात टेप तशीच, काढायची विसरलेली. लवंगीनं तिची वाट अडवली. बाई घाबरली. लवंगीनं स्वतःच्या पाठीवर मानेपासून कमरेपर्यंत बोट ओढलं, मग हवेत सुई चालवली, मग दोन्ही हातांनी विचारलं, कसं?

बाईचा चेहरा उघडला. तिनं पिशवी डब्यावर ठेवली, पाठमोरी पोरगी उभी असल्यासारखं हवेत टाके घातले, बोटं दाखवली. दहा, आणि एक. अकरा मिनिटं. शेवटी तिनं एक दोरा तोडल्याचं सोंग केलं, हवेतल्या पोरीच्या तोंडाकडे नेला आणि दात दाबून दाखवले.

लवंगी किंचाळलीच. "अहो, हिच्याकडेही दातात दोरा देतात!"

"म्हणजे काय?"

"अंगावर शिवताना माणसाच्या दातात दोरा द्यायचा. आमचे नट म्हणतात अपशकुन टळतो. कसला अपशकुन! दातात दोरा असला की बडबड बंद, बडबड बंद की पाठ हलत नाही. सुई लागत नाही!"

दोघींनी आपापली डावी तर्जनी पुढे केली. दोघींच्या टोकाला तीच खरबरीत, सुईनं कोरलेली कातडी. हातात हात घेऊन त्या बराच वेळ दोन भाषांत एकमेकींना शाबासकी देत राहिल्या. ड्रायव्हर डब्याला टेकून उभा. मनोऱ्यावर जायची वेळ टळून गेली होती, आणि त्याला त्याचं काडीचं दुःख नव्हतं.

परतल्यावर सोमवारी मॅनेजर कपडेपटात आला. लवंगी एका सरदाराच्या अंगावर नवी कॉलर बेतत होती.

"बाई, महिना झाला. तो कागद?"

"तो होय." तिनं टेबलाकडे मान हलवली. "चांगला जाड निघाला."

टेबलावर कॉलरचा साचा पडला होता, कात्रीनं सुबक कापलेला. वळणावर 'स्वखुशीने' हा शब्द तेवढा शाबूत होता.

मॅनेजर ताडकन म्हणाला, "मी दुसरा छापीन."

"छापा. बाह्यांचे साचे राहिलेत."

"आणि मी बाहेर काढलं तर?"

उत्तर सरदारानंच दिलं असतं, त्यानं तोंड उघडलंही होतं. लवंगीनं त्याच्या दातात दोरा दिला, सुई ओवली आणि मॅनेजरला म्हणाली, "साहेब, उजेडातून जरा बाजूला व्हा. टाका दिसत नाही."

मॅनेजर बाजूला झाला.