चकतीबाईंची ताई

चकतीबाई हे नाव विद्यार्थ्यांनी ठेवलेलं. ते पाठीमागे घ्यायचं असे, पण प्रयोगशाळेत पाठीमागे काही राहत नाही, त्यामुळे बाईंना ते ठाऊक होतं. त्यांचं कामच मेंदूच्या चकत्या कापण्याचं. मेणात बसवलेला तुकडा यंत्राच्या पात्यासमोर धरायचा, केसाहून कितीतरी पातळ चकती काढायची, कोमट पाण्यावर तरंगवून काचेवर उचलायची. मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या वयाने आणि रक्तदाबाने कशा जाड होतात, आतून कशा अरुंद होतात, याचा तिथे अभ्यास चाले. बाईंनी अशा हजारो वाहिन्या पाहिल्या होत्या. त्या ज्यांच्या, त्यांतलं एकही माणूस पाहिलं नव्हतं.

त्यांची थोरली बहीण टायपिस्ट म्हणून निवृत्त झालेली, फटकळ बाई. सत्तरीनंतर ती मंदावली. विसरत काही नव्हती; शेजाऱ्यांची भांडणंसुद्धा तारीखवार पाठ. पण चहाला उभी राहिली की साखरेचा डबा हातात धरून तशीच उभी. चालताना पाय फरशीला चिकटल्यासारखे.

"नाटकं आहेत, मावशी," ताईचा मुलगा, बाईंचा भाचा, म्हणाला. "सून आल्यापासून अंग काढून घेतलंय तिने."

बाईंनी ताईला दारापासून खुर्चीपर्यंत येताना पाहिलं. चार पावलांच्या अंतराला तिला अकरा लागली. दुसऱ्याच दिवशी त्यांनी तिला डॉक्टरांकडे नेलं. मेंदूच्या फोटोत जागोजागी पांढरे डाग निघाले.

"मोठा झटका नाही," डॉक्टर म्हणाले. "बारीक वाहिन्या वर्षानुवर्षं बिघडत गेल्यात."

परतताना टॅक्सीत ताईने विचारलं, "तू रोज हेच बघतेस ना?"

"हो."

"मग मी गेल्यावर माझंही बघ. मेंदूदानाचा फॉर्म आण."

"काहीतरीच काय, ताई."

"आणि काप तूच. त्या पोरांच्या हाती देऊ नकोस, चुरा करतील."

फॉर्म आला, ताईने लगेच सही केली. साक्षीदाराची सही करायला भाच्याने महिना लावला.

चार वर्षांनी ताई न्यूमोनियाने गेली. विभागप्रमुखांनी विचारलं, "कापायचं काम दुसऱ्या कुणाला देऊ का?"

"नको. सांगून गेलीये."

पहिल्या दोन चकत्या फाटल्या. पात्याचा दोष नव्हता. बाई उठल्या, पाणी प्यायल्या, तरी नवं पातं बसवलं आणि साठ चकत्या कापल्या. रडू आलं नाही, याचं त्यांना घरी गेल्यावर नवल वाटलं.

पुढे भाचा कसल्याशा कागदासाठी आला, तेव्हा त्यांनी त्याला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. "हे गोल दिसतंय ना, ती वाहिनी. भिंत बघ किती जाड झालीये. आत वाट उरलीच नाही."

तो बराच वेळ डोळा लावून बसला. "म्हणजे तिला करायचं होतं, पण होत नव्हतं."

"हो."

"मी तिला फार बोललो, मावशी."

"बोललास खरा," बाई म्हणाल्या. "तुझा रक्तदाब कधी मोजलास?"

"मला काय झालंय?"

बाई उठल्या. त्याला खालच्या मजल्यावरच्या दवाखान्यात घेऊन गेल्या. नर्सने दोनदा मोजला, दोन्ही वेळा जास्तच भरला. आठवडाभराने पुन्हा तसाच आला, तेव्हा डॉक्टरांनी रोजची एक गोळी लावून दिली. पहिले काही दिवस तो ती विसरायचा. मग बाई रोज सकाळी कामाला निघताना फोन करू लागल्या.

"घेतलीस?"

"घेतो, मावशी."

"घेतो नको. घे, मी थांबते."