कोपऱ्यातलं पहिलं बटण

आमच्या ह्यांचे डोळे अधू होत चाललेत, हे ऑफिसात कुणाला ठाऊक नव्हतं. काम काय, तर नकाशे काढायच्या प्रोग्राममध्ये कुठलं बटण कुठे असावं, अक्षरं केवढी असावीत, ते ठरवायचं. ठरवणाऱ्यालाच दिसेना म्हटल्यावर बोंबच की! म्हणून आपली झाकली मूठ सव्वा लाखाची.

त्या प्रोग्राममध्ये प्रत्येकाला आपापली सेटिंग्ज साठवता यायची. त्याला म्हणायचं प्रोफाइल. ह्यांनी स्वतःपुरतं एक करून घेतलं होतं, काळ्या स्क्रीनवर पिवळी जाड अक्षरं. साहेब जवळ आले की पटकन नेहमीचं प्रोफाइल लावायचं. पण ते लावायचं म्हणजे मेनूतून मेनूत, तिथून आणखी आत! साहेबांच्या बुटांचा आवाज आला की ह्यांना घाम फुटायचा. घरी येऊन धड जेवायचेसुद्धा नाहीत.

शेवटी ह्यांनीच तोड काढली. प्रोफाइलची तीन बटणं कायमची कोपऱ्यात ठेवायची, एका क्लिकमध्ये अदलाबदल. शिवाय, जे जास्त वापरात ते आपोआप पहिलं, म्हणजे न बघताही हात बरोब्बर तिथे जाईल. साहेबांना सांगितलं, "गिऱ्हाइकांचा वेळ वाचेल." साहेब खूश. त्या दिवशी हे शीळ घालत घरी आले हो!

मग प्रोग्राम दाखवायचा दिवस आला. भिंतीवर मोठा पडदा, समोर बडी गिऱ्हाइकं, आणि कॉम्प्युटर ह्यांचाच. साहेबांनी ऐटीत पहिलं बटण दाबलं. भिंतभर काळंकुट्ट आणि त्यावर वीतवीतभर पिवळी अक्षरं! सगळे फिदीफिदी हसले.

"हे कुणाचं?" साहेबांनी विचारलं.

कुणाचं म्हणून सांगणार? सगळ्यात जास्त वापरलं म्हणून तर ते पहिलं आलेलं.

"माझं," हे म्हणाले.

महिना संपायच्या आत घरी बसवलं. "ज्याला दिसत नाही तो दुसऱ्याला काय दाखवणार?" म्हणे. मग इतकी वर्षं काय ह्यांचे तीर्थरूप येऊन काम करून जात होते?

परवा दुपारी साहेबांचाच फोन आला. ह्यांचा चेहरा असा उजळला म्हणता! मलाही वाटलं, परत बोलावतायत. कसलं काय! त्या हसणाऱ्या गिऱ्हाइकांनाच ते पिवळं प्रोफाइल हवं होतं. त्यांच्याकडेही थकलेले डोळे असणारच की. पण ह्यांच्या कॉम्प्युटरमधलं सगळं पुसून तो दुसऱ्याला दिलेला. तेव्हा पिवळा नेमका कुठला, अक्षरांची जाडी किती, एवढं जरा सांगा.

मी समोर उभी राहून "सांगू नका, सांगू नका" असे हातवारे करत होते. ते ह्यांना दिसतील तर ना! पाढे म्हणावेत तसं सगळं घडाघडा सांगून मोकळे झाले. असा संताप आला मला ह्या चांगुलपणाचा!

मग जरा घुटमळून, खालच्या आवाजात ह्यांनी विचारलं, "साहेब, माझी जागा भरली का हो?"

पलीकडून फोन केव्हाच ठेवला होता. हे तसेच कान लावून उत्तराची वाट बघत बसले.